जिन्याची रुंदी

एके काळी आमच्या शहरात बर्डीपासून इतवारीपर्यंत कुणाला दुकान वाढवायचं असलं, माडीवर दवाखाना थाटायचा असला किंवा जुन्या गोदामाचं हॉटेल करायचं असलं, की तो माणूस आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात यायचा आणि माझ्या टेबलापुढे उभा राहून विचारायचा, "साहेब, नियमात बसते का?" मी साहेब नव्हतो. साधा ड्राफ्ट्समन होतो, दिवसभर वाकून रेषा ओढणारा. खरे साहेब आत बसायचे, आणि तेही कुठे अडले की तिथूनच मला हाक मारायचे. कारण इमारतींच्या नियमांचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक अख्ख्या ऑफिसात मला एकट्याला तोंडपाठ होतं.

या पाठांतराचा मला भारी गर्व होता. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत, पुस्तकाकडे नजरही न टाकता, मी कलमाचा आकडा सांगायचो. माणूस थक्क व्हायचा आणि ते मला आवडायचं. आज त्या टेबलामागच्या माणसाची मला चीड येते. त्याच्या कानाखाली कुणीतरी वेळेवर एक ठेवून द्यायला हवी होती.

नियम नुसते पाठ असून भागत नसे, त्यांचा अर्थ लावावा लागे. मजला कशाला म्हणायचं, पोटमाळा मजल्यात धरायचा की नाही, व्हरांड्याला जाळी ठोकली तर त्याची खोली होते का, असल्या गोष्टींवर एखाद्याचं दुकान उभं राहायचं किंवा अडून बसायचं. इतवारीच्या एका किराणा व्यापाऱ्याचा पोटमाळा हा मजला नाहीच, हे दाखवण्यासाठी मी तीन दिवस पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. शेवटी कुठल्या तरी परिशिष्टातलं एक पोटकलम सापडलं आणि त्याचा नकाशा मंजूर झाला. परक्या माणसासाठी तीन दिवस. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

नियम अधूनमधून बदलतही. बदल झाला की तो सरकारी राजपत्रात छापून यायचा. तेवढा मजकूर कात्रीने कापायचा, पुस्तकातल्या त्या कलमाशेजारी गोंदाने डकवायचा आणि कडेला तारीख घालून सही करायची, अशी आमच्या ऑफिसची पद्धत होती. सही म्हणजे वाचलं आणि समजलं. हे काम साहेब माझ्याशिवाय कुणाला देत नसत. मी दोन-दोन महिन्यांच्या चिठ्ठ्या साचू द्यायचो आणि मग एका दुपारी बसून सगळ्या एकदम डकवायचो. पुस्तक फुगू नये म्हणून वर नमुन्याच्या दोन विटा ठेवायच्या, की झालं.

आता ताईबद्दल सांगतो. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे माझी शाळा, माझी दुखणी, माझे लाड सगळं तिनंच केलं. मॅट्रिकनंतर मी उनाडक्या करत फिरत होतो, तेव्हा माझा हात धरून तिनंच मला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला नेऊन बसवलं. "रेघा सरळ येतात तुह्या. त्याचंच पोट भर," असं म्हणाली होती. पुढे तिचं लग्न झालं आणि काही वर्षांनी मेहुणे अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. रडून झाल्यावर ती उठली, टायपिंग शिकली आणि एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायला लागली. इंग्रजी आणि मराठी दोन्ही मशीनवर तिची बोटं अशी चालायची की मुली आपलं काम सोडून पाहत बसायच्या.

सत्तरच्या दशकातली पहिली काही वर्षं असतील. ती शिकवायची तो क्लास मालकानं बंद करायचं ठरवलं. ताईपुढे दोनच वाटा होत्या. एक तर भिवापूरला दिरांच्या घरी जाऊन राहायचं. त्यांचा मिरचीचा व्यापार होता, घर मोठं होतं, दोन वेळचं जेवण सुटलं नसतं. नाही तर स्वतःचा क्लास काढायचा. बर्डीच्या मागच्या गल्लीत मेहुण्यांच्या वाट्याची एक जागा होती. खाली छत्रीवाल्याचं दुकान, वर गोदाम म्हणून पडून असलेला एक लांबट हॉल. ताईनं कुणाला न सांगता जुनी सहा मशीनं घेऊन ठेवली आणि एका रविवारी आमच्याकडे जेवायला आली तेव्हा पोळी वाढता वाढता म्हणाली, "ऐकलं काय गा, मी आपला क्लास काढून राहिली."

मला ते आवडलं नाही. "बर्डीवर?" मी म्हणालो. "दिवसभर जिन्यानं पोट्टे वर-खाली करतीन, ताई. लोक काय म्हणतीन?"

"लोकायलेही टायपिंग शिकवीन मी. फी घेईन पण," ती म्हणाली आणि हसली. मी हसलो नाही. मी ताटाकडे पाहत जेवत राहिलो आणि ते तिनं पाहिलं.

क्लासला परीक्षेची मान्यता हवी तर जागेची मंजुरी लागत होती. गोदामाचा क्लास करायचा म्हणजे वापर बदलणार, आणि वापर बदलला की नियम लागू होणार. पुढच्या रविवारी सकाळी मी टेप घेऊन तिच्यासोबत गेलो. हॉल उजेडाचा होता, खिडक्या पुरेशा होत्या, छत पक्कं होतं. ताई मला दाखवत होती, इथे मशीनं मांडणार, इथे फळा, या कोपऱ्यात पाण्याचा माठ. मग आम्ही जिन्यावर आलो. टेपचं एक टोक तिनं भिंतीला धरलं, दुसरं मी ओढलं.

"किती?" तिनं विचारलं.

"तीन फूट दोन इंच."

पुस्तकात मीटर येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या तोंडी फूटच असायचे. क्लाससारख्या, चार लोक जमतात अशा जागेच्या जिन्याला चार फूट रुंदी हवी होती. एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला छत्रीवाल्याच्या दुकानाची, तीही वरचा भार घेणारी. जिना रुंद होण्यासारखा नव्हता. मी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मापं घेतली, कारण माझं काम चोख असायचं.

"नियमात बसत नाही, ताई," मी म्हणालो.

"जुन्या इमारतीले काही सवलत-बिवलत नसते का?"

"नसते. पुस्तक पाठ आहे मले."

ती टेपचं टोक हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं ते सोडलं आणि टेप सरसर माझ्याकडे गुंडाळला गेला. "बरं," ती म्हणाली.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ते "बसत नाही" म्हणताना मला आतून थोडं बरं वाटलं होतं. नाही म्हणण्याचा वाईटपणा माझ्याकडे आला नव्हता, तो पुस्तकाकडे गेला होता. बहीण बर्डीवर क्लास चालवणार नाही आणि त्यासाठी मला भांडावंही लागणार नाही, एवढाच तो सुटकेचा श्वास होता. पण होता.

पंधरा-वीस दिवसांनी ती दुपारची माझ्या ऑफिसात आली. कधी यायची नाही. माझ्यासमोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी चहा सांगितला. ती स्टुलावर टेकली, पर्स मांडीवर घेतली आणि जरा अडखळत म्हणाली, "इतवारीतले एक नकाशेवाले भेटले होते. ते म्हणून राहिले होते, का जुन्या इमारतीचा जिना..."

इतवारीतला तो नकाशेवाला मला ठाऊक होता. चुकीच्या मापांचे नकाशे करून ते गोड बोलून मंजूर करून घेणारा म्हणून तो बदनाम होता. गिऱ्हाइकांच्या देखत माझ्या सख्ख्या बहिणीनं त्याचा दाखला द्यावा, याचा मला असा राग आला की मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मग जा त्याच्याचकडे," मी म्हणालो. "तो काय, कशातही काहीही बसवून देते. मले काहून विचारते?"

तिचा हात पर्समध्ये गेला होता. तो तिनं रिकामाच बाहेर काढला आणि पर्सचा खटका लावला. "नाही गा," ती म्हणाली. "तू नाही म्हणते तर नसन बसत." चहा पिऊन ती गेली. समोरच्या गिऱ्हाइकानं माझ्या सचोटीचं कौतुक केलं, आणि मी ते घेतलंसुद्धा.

दिवाळीनंतर ती भिवापूरला गेली. पाच मशीनं विकली, एक सोबत नेलं. माझ्याकडे राहा, असं मी म्हणालो होतो. "दोन खोल्यांत कुठं ठेवशीन मले? भावाच्या घरी पाहुणीच बरी," असं म्हणून तिनं माझ्या बायकोच्या पाठीवर हात फिरवला. इतवारी स्टेशनवर छोट्या गाडीत मीच ते मशीन तिच्या पायाशी ठेवलं. गाडी सुटेपर्यंत ती मला स्वेटर घालत जा, सर्दी होते तुला, हेच सांगत होती.

पहिली दोन-तीन वर्षं तिची पत्रं टाइप केलेली यायची. स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. मग हातानं लिहिलेली यायला लागली. एका पत्रात सहज लिहिलं होतं की इथे बायकांसोबत मिरचीचे देठ खुडायला बसते, बोटांची आग होते, त्यामुळे मशीन झाकून ठेवलं आहे. खोकल्याबद्दल तिनं कधी लिहिलं नाही. तो मी गेलो की ऐकायचो. भिवापूरची मिरची जेवणात कितीही चवदार लागो, अंगणात तिचा ढीग पडला की दारातच माणसाला ठसका लागतो. ताई त्या ढिगापाशी दिवसभर बसायची. दरवर्षी हंगामात ती माझ्यासाठी निवडलेल्या मिरच्यांची एक पिशवी कुणासोबत तरी पाठवायची. एकाही मिरचीला देठ नसायचा.

अशी अकरा वर्षं गेली. बर्डीवरचा हॉल दिरांनी छत्रीवाल्याला देऊन टाकला होता. मी त्या गल्लीतून जायचं टाळायचो, पण का टाळतो ते स्वतःला विचारत नसे.

मग एक दिवस महाल भागातला एक तरुण डॉक्टर आला. त्याला घराच्या माडीवर दवाखाना करायचा होता. जिना तीन फुटांहून थोडा जास्त. मी नेहमीसारखा पुस्तकाकडे न पाहता बोललो, "नियमात बसत नाही."

डॉक्टर हट्टी होता. "एकदा उघडून तर पाहा काका," तो म्हणाला. "माझ्या मित्राचा कामठीत असाच जिना मंजूर झाला."

मला राग आला. त्याचं तोंड बंद करावं म्हणून मी पुस्तक ओढलं आणि जिन्यांचं कलम उघडलं. ते पान बोटाला जाड लागलं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, तर आतल्या बाजूला डकवलेल्या चिठ्ठीचा चौकोन दिसत होता. मी ओलं फडकं फिरवलं, पट्टीची कड आत घातली आणि हळूहळू पानं सोडवली. माझीच चिठ्ठी होती. गोंद जास्त झाला होता, वर विटा ठेवल्या होत्या, आणि पान समोरच्या पानाला कायमचं बसलं होतं.

चिठ्ठीत लिहिलं होतं की आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीत, वरच्या एकाच मजल्याचा वापर होत असेल आणि एका वेळी तीसपेक्षा जास्त माणसं जमत नसतील, तर जिना तीन फुटांचा असला तरी चालेल. कडेला माझी सही होती. तारीख होती त्या वर्षीच्या श्रावणातली. ताई आणि मी टेप धरून त्या जिन्यावर उभे राहिलो तो महिना आश्विन होता.

म्हणजे मी ती चिठ्ठी कापली होती, डकवली होती, वाचली म्हणून सही केली होती, आणि वाचली नव्हती. ढिगातली एक म्हणून सही ठोकली होती. आणि पुस्तक पाठ असल्यामुळे ते पान मी पुन्हा कधी उघडलंच नव्हतं. किराण्याच्या व्यापाऱ्यासाठी मी तीन दिवस पुस्तक चाळलं. ताईसाठी ते तीन मिनिटं जरी उघडलं असतं, तर पानं चिकटली आहेत हे तेव्हाच हाताला लागलं असतं.

"म्हणजे बसतं ना?" डॉक्टरनं आनंदानं विचारलं.

"बसतं," मी म्हणालो. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात दाबला आणि मी त्याला नकाशासाठी काय काय लागेल ते सांगितलं. तो गेल्यावर मी संडासात जाऊन दार लावून रडलो.

तरीही भिवापूरला जायला मला चार महिने लागले. रोज ठरवायचो आणि रोज काही ना काही निमित्त काढायचो. हे तिला सांगून आता काय मिळणार, असाही एक शहाणा विचार मनात येई. शेवटी मी ते पान पुस्तकातून फाडलं. दुसऱ्या कुणी फाडलं असतं तर मी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. घडी करून खिशात घातलं आणि छोट्या गाडीत बसलो.

ताई अंगणात एकटीच होती. बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. ती फार वाळली होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला, "असा अचानक कसा गा?" म्हणाली, आणि उठायला लागली. मी तिला बसवलं आणि समोर पोत्यावर बसलो. पाणीसुद्धा मागितलं नाही, कारण पाणी प्यायलो असतो तर पुन्हा धीर गेला असता.

"ताई, जिना नियमात बसत होता," मी म्हणालो. "तेव्हाच बसत होता. सवलत आली होती. मी चिठ्ठी डकवली आन् वाचलीच नाही. माह्यामुळं झालं हे सारं." आणि ते पान पुढे केलं.

"माह्या हाताले मिरची आहे. तूच धर समोर," ती म्हणाली.

मी पान धरून बसलो. तिनं ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, टायपिस्ट वाचतात तसं, एकेक शब्द. वाचताना तिची बोटं मांडीवर जराशी हलत होती. वाचून झाल्यावर तिनं सूप पुढे ओढलं.

"हाच कागद होता," मग ती म्हणाली.

"कोणता?"

"इतवारीवाल्यानं दिला होता तो. हाच मजकूर, कापून दिला होता त्यानं मले. तुह्या ऑफिसात आली होती ना मी, तेव्हा पर्समधी होता."

मला तो पर्सचा खटका ऐकू आला. "मग दाखवला काहून नाही वं?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला कळलं की दाखवायला मी तिला जागा कुठे ठेवली होती.

"तुले काय दाखवू? तुले तर पुस्तक पाठ." तिनं सुपातली मिरची घेतली, देठ खुडला, बाजूला टाकला. "तुले माहीतच नसन, असं माह्या मनातच नाही आलं गा. मले वाटलं, तुले माहीत आहे आन् तू मुद्दाम नाही म्हणून राहिला. बहिणीनं बर्डीवर बसू नये, असं तुह्या मनात असन. बोलला होता ना तू एकदा. मग म्हटलं, जाऊ दे. भावाच्या मनात नाही तर कायले करायचं."

अकरा वर्षं ती हेच समजून होती. भावानं आपल्याशी खोटं बोलून आपल्याला इथे धाडलं, असं समजून ती दरवर्षी माझ्यासाठी मिरच्या निवडत होती, देठ खुडत होती, पिशवी शिवत होती.

"तसं नव्हतं वं ताई," मी म्हणालो. पण तसं अगदीच नव्हतं, असंही नव्हतं. तो सुटकेचा श्वास मला आठवला. मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो चटकन मागे घेतला.

"हात नको लावू. डोळ्याले लागन तुह्या."

ती खोकली, पदरानं तोंड पुसलं आणि मग मला विचारलं, "किती होती गा रुंदी? विसरली मी."

"तीन फूट दोन इंच."

तिनं डोळे मिटले. त्या जिन्याची पायरी न् पायरी ती मनात चढत असावी, कारण थोडा वेळ लागला.

"पुरला असता," ती म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली.